‘तीस’ सापडत नसेल तर

हे पान ‘उमेद’ पट्टी वापरणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आहे. तुमचं माणूस तिसाच्या पातळीवर अडकलं असेल तर वाचा. चाळिसावर अडकलं असेल तरी हेच वाचा. पन्नास, साठ, सत्तर, तेच. पंचविसावर काही बिघडत असेल तर तुमची अडचण वेगळी आहे, इथे वेळ घालवू नका.

कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन करून झाला असेल. ‘रुग्णाला प्रोत्साहन द्या’ असं तिथल्या बाईनं सांगितलं असेल. ती बाई म्हणजे यंत्र आहे. तिला शिव्या देऊन उपयोग होत नाही. मी देऊन पाहिल्या.

मी समिधा चौगुले, सांगली. धंदा: गेममध्ये बदल करून देणं. बैलगाडा शर्यतीच्या गेममध्ये जे खिलार बैल तुम्ही पळवता ते मी घातलेत. मूळ गेममधले बैल कुठल्या मुलखातले होते देव जाणे, त्यांना वशिंडच नव्हतं. तर दुसऱ्याच्या गेमच्या पोटात हात घालणं हे माझं रोजचं काम. वडिलांच्या पट्टीत हात घालायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आधी पट्टी काय करते ते

पप्पांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. टीव्हीवरच्या बातम्यांना अजून नाकं मुरडतात.

झटक्यानंतर हाताचे स्नायू धडधाकट असतात, मेंदूपासून तिथवरचा रस्ता तुटलेला असतो. पट्टी कोपराखाली बांधायची. ती विजेचा बारीक ठोका देते आणि मूठ मिटते. पण नुसती मूठ मिटली तर मेंदूला त्याचं काय? मेलेल्या बेडकाचा पायसुद्धा विजेनं हलतो. रस्ता नव्यानं बांधला जातो तो तीन गोष्टी एकाच क्षणी जुळल्या तर: हलवायची इच्छा, हालचाल, आणि ‘हललं’ ही जाणीव. पहिल्या दोन पट्टीला त्वचेवरून कळतात. तिसरी कळायला एकच मार्ग आहे. माणसानं स्वतः मोजायचं, मोठ्यानं.

म्हणून टॅबलेटवर तो खेळ. मूठ मिटली की पक्षी दाणा उचलतो, आणि तुमचं माणूस आकडा म्हणतं. आधी वीस दाण्यांची पातळी, मग तीस, मग चाळीस. पातळी पार झाली की पट्टी पुढचा, जास्त खोलवरचा ठोका उघडते. एकेक बोट सुटं करणारा ठोका तिसाच्या पलीकडे आहे.

बोलणं गेलेला माणूस मोजतो कसा, असं आमच्या शेजारणीनं विचारलं होतं. लहानपणापासून घोटलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या जागी राहतं. आकडे, पाढे, आरत्या, शिव्या. ते झटक्यातून वाचतं आणि अख्खंच्या अख्खं बाहेर पडतं. पप्पांना ‘पाणी’ म्हणता येत नाही. शंभरपर्यंत मोजता येतं.

आणखी एक: तिसाच्या पातळीला पट्टी तीसच ठोके देते. एकतिसावा मिळत नाही, आणि ठोक्याशिवाय पप्पांची मूठ मिटत नाही. म्हणजे ‘अजून एक करा की’ असं म्हणायची सोय नाही.

लक्षण

वीस सहज पार झालं. आईनं शिरा केला.

तीस होईना. रुग्ण खचू नये म्हणून पट्टी आकडा दाखवत नाही, पिवळी रेघ दाखवते. रेघ भरत येते, भरत येते, शेवटी नखाएवढी मोकळी राहते. पक्षी म्हणतो, ‘अगदी थोडक्यात राहिलं, काका.’ सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रोज. तो पक्षी माझ्या हाताला लागला तर मी त्याची मान मुरगाळेन.

मग अहवाल आला. ‘उद्दिष्ट दिसू लागताच रुग्ण लक्ष सोडतो. प्रेरणा: कमी.’

आईनं तो दोनदा वाचला. “अहो, शेवटचा एकच राहतोय म्हणे. एका दाण्यासाठी सोडताय व्हय?”

पप्पांनी डावा हात टेबलावर आपटला.

“राग बरा येतोय की. तोच जरा उजव्यात आणा.”

त्यांनी मान फिरवली. आईला ते ‘बघा, मनच नाही’ असं वाटलं. अहवालात तसं छापलेलंच होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याच्यापेक्षा तिनं कागदावर विश्वास ठेवला. मी तिला दोष देत नाही. ज्यांनी कागद छापला त्यांना देते.

दुसरा कागद लगेच आला. प्रगती नसेल तर तपासणीला माणूस येईल, अडकलेली पातळी त्याच्यासमोर करून दाखवायची. जमली नाही तर पट्टी रांगेतल्या पुढच्या रुग्णाला.

शोध

चालू खेळ आपले आकडे यंत्राच्या स्मृतीत ठेवतो. लाखो खण असतात आणि आपला कुठला ते माहीत नसतं. तर युक्ती अशी: पप्पांनी ‘बारा’ म्हटलं की स्मृतीत जिथे जिथे बारा आहे ते सगळे खण शोधायचे. हजारो निघतात. ‘तेरा’ म्हटलं की त्यांतले आता तेरा झालेले तेवढे ठेवायचे, बाकी फेकायचे. चौदा, पंधरा. धान्य पाखडल्यासारखं. अठरापर्यंत चार-पाच उरतात.

पप्पा मोजत होते, मी पाखडत होते. पंचवीस, सव्वीस. एकच खण उरला. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तो खण इमानदारीत बदलत होता. शेवटचा ठोका पडला, मूठ मिटली, पप्पांनी मोजलं. मी ‘तीस’ शोधलं.

सापडले: शून्य.

‘शून्य’ आल्यावर लोक जे जे करतात ते

खेळ बंद करून पुन्हा उघडतात. दर वेळी खणांची मांडणी बदलते, सगळं पहिल्यापासून पाखडावं लागतं. मी केलं.

आकडा दशांशात ठेवला असेल म्हणून तसा शोधतात. केलं.

आकडा मुद्दाम विस्कटून ठेवला असेल असं समजतात. स्मृती वाचायची परवानगी नसेल म्हणून टॅबलेटचं कुलूप काढतात. तेही केलं. पप्पा दर वेळी तीस ठोके सोसत होते आणि दर वेळी शून्य.

मग मित्राला फोन करतात. माझा मित्र मिरजेचा अल्ताफ सतारमेकर. घराणं तंबोरे बनवतं, हा कुलुपं फोडतो.

“काय गं चौगुले, बैल सुटले काय?”

“तीस सापडत नाही.”

“तू काय शोधतीस? तुला पाहिजे ते, की तिथं आहे ते?”

“अल्ताफ, तत्त्वज्ञान नको.”

“तत्त्वज्ञान न्हाई, बटण आहे. ‘न बदललेलं’ असं लिहिलंय बघ त्याच्यावर. तीस विसर. शेवटच्या ठोक्यानंतर कुठला खण होता तसाच राहिला ते विचार त्याला.”

विचारलं. तो खण जागेवरच होता. त्यात एकोणतीस.

“म्हणजे यंत्रानं शेवटचं ऐकलंच नाही.”

“थांब.” तो मिरजेत बसून माझाच पडदा त्याच्या लॅपटॉपवर बघत होता. “ऐकलं की. लिहिणारी ओळ परत चालल्या. एकोणतीस लिहिलं, मग परत एकोणतीस लिहिलं. काका नेमकं म्हणाले काय? ध्वनिफीत लाव.”

लावली. पप्पांचा आवाज, थोडा जड, पण ओळखीचा: अठ्ठावीस. एकोणतीस. एकूण तीस.

मी फोन खाली ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

पप्पा

पप्पा महापालिकेत पाणीपुरवठ्याला होते. पण सांगलीत त्यांना त्यासाठी कुणी ओळखत नाही. संध्याकाळी ते कबड्डीच्या मैदानावर गुणलेखकाच्या टेबलाशी माइक घेऊन बसायचे. “शिवछाया मंडळ, एकूण तीस. नवजवान, एकूण चोवीस.” प्रत्येक चढाईनंतर. शेवटचा आकडा त्यांच्या तोंडून ‘एकूण’शिवाय कधी निघालेला नाही. बाजारातून आले तरी ‘मेथी, एकूण दोन’.

आता तुम्ही म्हणून बघा. एकोणतीस. एकूण तीस. भरभर. मग अर्ध्या लुळ्या जिभेनं.

शिवाय आमच्याकडची निम्मी माणसं एकोणतीसला ‘एकूणतीस’च म्हणतात. कंपनीला हे ठाऊक होतं. तिनं गावोगावच्या म्हाताऱ्यांचे आवाज गोळा केले आणि यंत्राला शिकवलं, की ‘एकूणतीस’ ऐकू आलं तरी एकोणतीसच समज. चांगल्या मनानं शिकवलं. त्यामुळे पप्पांनी तीस मोजले की यंत्राला वाटतं, म्हाताऱ्यानं एकोणतीस दोनदा म्हटलं, म्हणजे शेवटची हालचाल त्याला जाणवलीच नाही. म्हणून, प्रेरणा कमी.

विसाला हे होत नाही, कारण एकोणीस आणि एकूण वीस लांब लांब आहेत. सव्वीसला ‘एकूण’ लावा, काही बिघडत नाही. ‘एकोण’ येतं ते दहाच्या पटीच्या एक घर आधी, आणि खेळातली सगळी उद्दिष्टं दहाच्या पटीत. बरोबर जिंकायच्या जागी खड्डा. त्यात पडतात कोण? ज्यांना ‘एकूण’ म्हणायची सवय आहे ते. वजनकाट्यावरचे, अडतीतले, मतमोजणीतले. जन्मभर दुसऱ्यांच्या बेरजा सांगितल्या त्यांचाच एक दाणा रोज मारला जातो.

कळवणे

कंपनीला कळवलं. निनाद नावाचा सल्लागार पुण्याहून पडद्यावर आला. माझ्याच वयाचा असेल.

“मॅडम, नेमका कोणता शब्द चुकतोय?”

“एकोणतीस.”

“म्हणजे…” तो मनात काहीतरी करत होता. “वीस नऊ?”

“हो. वीस नऊ.” आमच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस नऊ’ आलं होतं. मी एकोणतीस शिकले ती मैदानावर. हा पुस्तकावर थांबला होता.

“आणि काका काय म्हणतात?”

“एकूण तीस.”

“मला दोन्ही सारखंच ऐकू आलं.”

“यंत्राचंही तेच म्हणणं आहे.”

तो हसला. मी हसले नाही. “काकांना नुसतं ‘तीस’ म्हणायला शिकवा ना. सोपं आहे,” तो म्हणाला.

शिकवून बघा. मी दुपारभर शिकवलं.

“पप्पा, नुसतं तीस.”

“एकूण तीस.”

“एकूण सोडा. तीस.”

त्यांनी डोळे मिटले, ओठ जुळवले. “ती… ती…” मानेची शीर फुगली. मग ते अडकलेलं सगळं एकदम सुटलं, “शिवछाया, एकूण तीस.” आणि त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा पेला भिंतीवर मारला. ते बोलणं अख्खं आहे, त्याला सांधा नाही. सांधा नाही म्हणूनच ते झटक्यातून वाचलं. त्याचा अर्धा तुकडा मागणं म्हणजे उरलेलंही मोडणं.

निनादला हे सांगितलं. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येईल, म्हणाला. तपासणीची तारीख मात्र ठरलेली होती.

अडचण: मी

खण माझ्याकडे होता. एकोणतीस खोडून तीस लिहायला एक बोट पुरतं. मी ते लिहिलं, पप्पांना न सांगता, संध्याकाळच्या फेरीत.

घाई झाली. पप्पा अजून एकोणतीसवर होते आणि रेघ टचकन भरली. पक्षी नाचायला लागला. पप्पांनी पक्ष्याकडे बघितलं. मग माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे. मग दातांनी आणि डाव्या हातानं पट्टीचा बंद सोडवला आणि ती माझ्या पायाशी टाकली.

“आयला,” ते म्हणाले. स्पष्ट.

सख्ख्या भाच्याच्या संघाला चुकून चढवलेला गुण या माणसानं भर अंतिम सामन्यात माइकवरून परत घेतला होता. भाचा अजून घरी येत नाही.

“दिला असता तिनं एक तर काय झालं?” आई म्हणाली. “तुमचाच होता की तो.”

तेच तर. त्यांचाच होता. मी तो भीक दिल्यासारखा ताटात टाकला होता.

आकडा बदलू नका, कान बदला

स्मृतीत आकड्यांशेजारी आणखी एक जागा आहे. कुठला शब्द म्हणजे कुठला आकडा, ते तिथे आहे. त्याला हात लावायला जास्त मेहनत लागते. अल्ताफनं आणि मी मिळून ती केली. नियम एका ओळीचा: एकोणतीस म्हणून झाल्यावर लगेच ‘एकूणतीस’ ऐकू आलं, तर ते तीस समज. चाळीस, पन्नास, साठ, सगळ्यांना तसंच. दाणा कुणाला फुकट मिळत नाही. जो म्हटला तो ऐकला जातो, एवढंच.

या वेळी पप्पांना आधी सगळं दाखवलं. कुठली ओळ, काय होती, काय केली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग पट्टीसाठी हात पुढे केला.

एकूण तीस. रेघ भरली. पुढचा ठोका उघडला आणि उजव्या हाताची तर्जनी बाकीच्या बोटांना सोडून एकटी वर आली. आई पदरानं तोंड झाकून आत गेली.

तपासणी

निनाद आला. चपला नीट जोडीनं काढल्या, चहा घेतला, पप्पांना वाकून नमस्कार केला. वाईट मुलगा नाही. मला तो वाईट असता तर बरं झालं असतं.

पप्पांनी त्याच्यासमोर तिसाची पातळी केली. प्रत्येक आकडा माइकवरून सांगावा तसा. रेघ भरली. निनादच्या हातातला टॅबलेट लाल झाला: ‘ऐकण्याच्या भागात छेडछाड.’

“मॅडम, तुम्ही कान बदललाय.”

“दुरुस्त केलाय.”

“नियमात तसा फरक नाही.”

“तुम्ही समोर बसला होतात. किती केले त्यांनी?”

“मी… मोजत नव्हतो. यंत्र मोजतं.”

“मग तू आलास कशाला, पोरा?” आई म्हणाली. “चहाला?”

“काकू, खरंच, माझ्या हातात काही नाही.”

“ह्यांच्या पण नाही.” आईनं पप्पांचा उजवा हात मनगटाला धरून त्याच्यापुढे उचलला. तो ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. “मग हाय कुणाच्या हातात, तेवढं सांग आणि जा.”

अहवाल त्यानं आमच्या दारातच भरला, मी त्याच्या खांद्यावरून वाचला. प्रेरणा: कमी. कुटुंब: असहकार्य. पप्पांनी स्वतः पट्टी सोडली आणि त्याच्या पिशवीत ठेवली, कुणाला हात लावू दिला नाही.

हे टाकावं का

आम्ही बदललेला ‘कान’ या पानाच्या तळाशी आहे, फुकट आहे. टाकलात तर तुमच्या माणसाचं मोजलेलं मोजलं जाईल, आणि तपासणीत सापडलात तर पट्टी जाईल. नाही टाकलात तरी पट्टी जाईलच, फक्त अहवालात ‘असहकार्य’ येणार नाही.

निपाणीच्या एका बाईंनी टाकलाय. त्यांचे सासरे तंबाखूच्या वखारीत बोचकी मोजायचे, ते चाळिसावर पडून होते. लातूरहून एकानं विचारलंय, हे बेकायदा आहे का. कंपनीच्या वकिलाचं पत्र आलंय, तो म्हणतो, बेकायदा आहे. तुम्ही त्याला ‘एकूण चाळीस’ म्हणायला लावा आणि यंत्र काय लिहितं ते त्याला दाखवा. मग विचारा, छेडछाड कुणी केली, यंत्रानं की आम्ही.

कंपनीची दुरुस्तीची पुढची आवृत्ती अजून आलेली नाही.

पट्टीशिवाय

पट्टी गेली त्या संध्याकाळी पप्पा फेरीच्या वेळेला टेबलाशी येऊन बसले. उजवा हात समोर ठेवला. ठोका नाही, पक्षी नाही. ते हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एकूण शून्य,” आणि उठले.

दुसऱ्या दिवशी परत बसले. एकूण शून्य. तिसऱ्या दिवशी. मी म्हटलं, पप्पा, नका त्रास करून घेऊ. त्यांनी मला हातानंच गप्प केलं, सामना चालू असताना करायचे तसं.

काल तर्जनी हलली. ठोक्याशिवाय. टेबलावरून वर आली, थरथरली, खाली गेली. नंतर परत एकदा हलल्यासारखी झाली.

“दोन,” आई म्हणाली. “समिधा, बघितलंस न्हवं? दोन झाले.”

पप्पांनी मान हलवली. “एकूण एक.”

“अहो, मी डोळ्यानं बघितलं. दुसऱ्यांदा पण उचललं होतं की.”

पप्पांनी तिच्याकडे बघितलं, टेबलापाशी हुज्जत घालायला आलेल्या कप्तानाकडे बघायचे तसं. आकडा बदलला नाही.